पिशवी वरून लटकते, सुटते खालून

सिंहगड रस्त्यावर, खडकवासला यायच्या थोडं अलीकडे, एका गतिरोधकावर माझी डावी पिशवी उडाली. पडली म्हणत नाही, कारण ती खरोखरच उडाली. पुढचं चाक गतिरोधकावरून उतरलं, मागचं चढलं, ‘खट्’ असा आवाज झाला आणि सायकल एकदम उजवीकडे कलली. कशीबशी सावरून मागे पाहिलं तर पाच किलो कोलम तांदूळ भरलेली माझी नवी कोरी पिशवी रस्त्याच्या मधोमध उताणी पडली होती. तिच्यापासून दोन हातांवर एक टेम्पो करकचून थांबला होता. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वाटलं, आता आईबहीण ऐकावी लागणार. पण तो म्हणाला, “मॅडम, तुमचं पोतं पडलं.”

त्या पोत्यामागची हकिकत सांगते.

माझं माहेर गुहागरचं. मी पुण्यात कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते आणि एकोणपन्नास वर्षांची आहे. डिसेंबरात सायकलने माहेरी जायचं असं मी दिवाळीच्या आधीच ठरवून टाकलं होतं. ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून म्हसळा, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याच्या जेट्टीवरून खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णै आणि शेवटी दाभोळची फेरी. चार दिवसांचा हिशोब होता. ज्याला सांगावं तो घाटाबद्दल विचारी, ट्रकबद्दल विचारी, गुडघ्यांबद्दल तर हमखास विचारी. सामान कशात नेणार हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि माझे दोन महिने गेले ते नेमके त्यातच.

पाठीवर सॅक घेऊन जायचा प्रयोग एका रविवारी आधीच फसला होता. तीस किलोमीटरनंतर मान आखडली, पाठ घामाने भिजली, आणि चढावर उभं राहून पेडल मारताना सॅकचं वजन डावीउजवीकडे डुलायचं ते वेगळंच. सामान सायकलवर हवं, अंगावर नको, एवढं तेव्हाच कळलं.

मग ऑनलाइन एक दुहेरी झोळी मागवली. घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकतात तशी ती कॅरिअरवर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना एकेक खिसा लोंबतो. वेलक्रोच्या चार पट्ट्या, स्वस्त आणि दिसायला झकास. पण आतून तिला काही पाठ नव्हती, नुसतं कापड. भरलं की फुगायची आणि फुगली की आतल्या बाजूला, चाकाकडे वाकायची. दुसऱ्याच दिवशी गल्लीतून बाहेर पडताना खालचा कोपरा स्पोकमध्ये गेला. वेग नव्हता म्हणून निभावलं. कोपरा फाटला, एक तार वाकली आणि मी सायकलसकट भिंतीला टेकले. हाच प्रकार ताम्हिणीच्या उतारावर झाला असता तर मागचं चाक जागच्या जागी अडकलं असतं. पिशवीला आतून कडक पाठ हवी आणि कॅरिअरला चाकाच्या दोन्ही अंगांना उभ्या सळ्या हव्यात, म्हणजे पिशवी त्यांना टेकते आणि चाकापासून लांब राहते. ही दोन कलमं मी त्या दिवशी वहीत लिहिली. झोळीत आता आमच्याकडे कांदे असतात.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, हे सगळं गॅलरीतून बघत होते. नानांनी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक सायकलवर. तेव्हाचं पुणं म्हणजे सायकलींचं शहर. सकाळी भोंगा व्हायच्या आत पुलावर नुसत्या सायकलीच सायकली, हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की कधीकधी मीच ते पाहिलंय असं वाटतं. त्यांच्या काळ्या सायकलचं कॅरिअर म्हणजे लोखंडी जाळी आणि वर स्प्रिंगचा चिमटा. चिमट्यात डबा. त्याच कॅरिअरवर त्यांनी म्हणे एकदा शिलाई मशीनचं डोकं आणलं होतं.

“अगं, दूधवाला बघ,” नाना म्हणाले. “दोन्हीकडे वीस-वीस लिटरचे कॅन. कधी पडलेला बघितलास?”

“नाही.”

“का नाही पडत?”

मला वाटलं वजनामुळे. नानांनी मान हलवली. पण उत्तर दिलं नाही. त्यांची शिकवायची पद्धत हीच, प्रश्न टाकायचा आणि पेपर उघडायचा.

माझी सायकल हायब्रिड जातीची, म्हणजे रस्त्यावरची आणि डोंगरातली यांच्या मधली, डिस्क ब्रेकवाली. मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ फ्रेमला दोन्ही बाजूंना आट्यांची भोकं आहेत, कॅरिअरचे पाय तिथे बसतात. वरच्या बाजूला, सीटखालून मागे उतरणाऱ्या दोन बारीक नळ्यांवर, तशी भोकं असायला हवीत. ती माझ्या सायकलला नाहीत. ज्या दुकानातून मी कॅरिअर घेतलं तिथल्या मुलाने खालचे दोन बोल्ट मारले आणि वरच्या दोन पट्ट्या चक्क प्लास्टिकच्या केबल टायने आवळल्या. “काही होत नाही मॅडम, सगळे असंच करतात.” मीही हो म्हटलं, कारण तेव्हा मला काही कळत नव्हतं.

होतं असं, की वजन जवळजवळ सगळं खालचे दोन बोल्ट पेलतात, हे खरं. पण ते बोल्ट म्हणजे बिजागरी. वरचं टोक धरलेलं नसेल तर आख्खं कॅरिअर त्या बिजागरीवर मागे कलतं आणि सामानासकट टायरवर बसतं. वरच्या जोडावर वजन कमी असलं तरी मागेपुढे होणारे सगळे हिसके त्यालाच सोसायचे असतात. प्लास्टिकचा टाय रोज थोडाथोडा ताणला जातो. आठवडाभरात माझं कॅरिअर हाताने हलवलं की बोटभर मागेपुढे व्हायला लागलं.

दुसरी अडचण डाव्या पायाची. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारा चिमटा, नेमका तिथेच बाहेर आलेला, त्यामुळे कॅरिअरचा पाय सरळ खाली जाईना. त्या मुलाने फ्रेम आणि पाय यांच्यामध्ये वॉशरची चळत घातली, जवळजवळ बोटाच्या जाडीची, आणि लांब बोल्ट मारला. नानांनी ते पाहिलं आणि चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा गंभीर असतात. “बोल्ट जितका बाहेर, तितका तो वाकणार. हे मोडणार.” हे मात्र त्यांनी थेट सांगितलं. मी कॅरिअर परत केलं. थोडे पैसे जास्त देऊन डिस्क ब्रेकसाठीच बनवलेलं दुसरं घेतलं, ज्याचे पाय मुळातच बाहेरून वळसा घालून येतात. त्याच्यावर ‘२५ किलो’ असा छापही आहे. माझं सामान त्याच्या निम्म्याइतकंच होणार होतं. तरी हा आकडा समतल रस्त्यासाठी वाचावा आणि खड्ड्यांसाठी त्यातला थोडा मनातल्या मनात वजा करावा, असं माझं मत आहे.

या वेळी दुकानात बसवून घेतलं नाही. घरीच बसवलं. त्या संध्याकाळबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढे जे बिघडलं ते पिशवीत बिघडलं, कॅरिअरने शेवटपर्यंत दगा दिला नाही.

फ्रेमच्या भोकांत रंग साचलेला होता, कारखान्यात फ्रेम रंगवतात तेव्हा तो आट्यांत शिरतो. बोल्ट नुसत्या बोटांनी दोनतीन फेरे जायला हवा. तो पहिल्याच फेऱ्यात अडायला लागला तर पाना लावून जोर करायचा नाही, कारण फ्रेम ॲल्युमिनियमची आणि बोल्ट पोलादी. वाकडा घुसला तर फ्रेमचे आटे जाणार, बोल्टचे नाही. बोल्टला तेलाचा थेंब लावून आतबाहेर, आतबाहेर करत रंग काढला. हे पाच मिलिमीटरचे बोल्ट असतात, त्यांना चार मिलिमीटरचा ॲलन पाना लागतो. सायकलवर बऱ्याच ठिकाणी हीच जोडी चालते, म्हणून प्रवासात एकच पाना हरवायचा असेल तर तो हा नको.

वरच्या जोडासाठी रबराचं अस्तर असलेले पत्र्याचे क्लँप आणले. नळीला वेढा घालून दोन्ही कान एकत्र येतात आणि त्यातून बोल्ट जातो. आकाराने इंग्रजी ‘पी’सारखे दिसतात म्हणून त्यांना पी-क्लँप म्हणतात. नळीच्या जाडीचाच क्लँप घ्यायचा. मोठा घेऊन आवळला तर कान मिटतात पण पोट सैल राहतं, आणि मग तो घसरत घसरत खाली येतो. नळीभोवती नानांनी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. आमच्या घरात जुनी ट्यूब कधी फेकली जात नाही. बरणीच्या झाकणापासून गॅसच्या शेगडीच्या पायापर्यंत सगळीकडे तिचे तुकडे सापडतात.

सगळे बोल्ट आधी बोटांनीच लावून ठेवले, एकही घट्ट केला नाही. मग नानांनी माळ्यावरून पाणसळ काढली. गवंडी भिंतीवर ठेवतात ती. मला हसू आलं, पण कॅरिअरवर ठेवल्यावर बुडबुडा चांगलाच एका बाजूला गेला होता. कॅरिअर मागे झुकलेलं असेल तर पिशव्या प्रत्येक खड्ड्याला थोड्याथोड्या मागे सरकत राहतात, पुढे झुकलेलं असेल तर टाचेकडे येतात. वरच्या पट्ट्या मागेपुढे करून बुडबुडा मध्यावर आणला आणि मग एकेक बोल्ट आवळत गेलो. एक डावा, एक उजवा. बोल्टच्या टोकाला निळं लॉकटाइट लावलं होतं. हे गोंदासारखं द्रव आट्यांत वाळतं आणि हादऱ्याने बोल्ट फिरू देत नाही. निळं पान्याने सुटतं. लाल लावलं तर उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा लाल नकोच.

चेनच्या बाजूला एक गंमत झाली. सगळं घट्ट झाल्यावर चाक फिरवलं तर सगळ्यात लहान दातेरी चक्रावर चेन आली की टक, टक, टक. उजवा बोल्ट फ्रेमच्या आरपार जाऊन आत दोन मिलिमीटर डोकावत होता आणि चेन त्याला घासत होती. बाहेरून आणखी एक वॉशर घातला, आवाज गेला. हे उतारावर कळलं असतं. लहान चक्र आपण तिथेच वापरतो ना.

शेवटी माझी स्वतःची एक भर. ड्रॉवरमध्ये नेलपॉलिशची बाटली पडून होती, मुलीची, डाळिंबी रंगाची. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर येईल अशी एक सरळ रेघ ओढली. बोल्ट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसणार. कारखान्यात महत्त्वाच्या जोडांवर रंगाची अशीच खूण करायचे, असं नाना म्हणाले. मला वाटलं होतं शोध मी लावलाय.

आता पिशव्या. पावसाळी कापडाच्या, तोंडाला गुंडाळी करून बंद होणाऱ्या, प्रत्येकी वीस लिटरच्या. या जातीच्या पिशव्यांचा एक जन्मदाता म्हणजे जर्मनीचा हार्टमुट ऑर्टलीब. इंग्लंडमध्ये सायकल चालवताना पावसात भिजला, शेजारून जाणाऱ्या ट्रकवरची ताडपत्री पाहिली, आणि त्याच कापडाच्या पिशव्या शिवायला लागला. त्याची कंपनी १९८२ सालची. कोकणातल्या माणसाला ताडपत्रीचं महत्त्व सांगावं लागत नाही, पण तिची पिशवी शिवून सायकलला लावावी हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

पिशवीच्या पाठीला वर दोन हूक आणि खाली एक सरकणारा आकडा असतो. वरचे हूक कॅरिअरच्या आडव्या सळीवर बसतात. मधलं हँडल धरून उचललं की हूकांच्या जिभा उघडतात, सळीवर ठेवून हँडल सोडलं की बंद होतात. मी लावल्या, ‘टक’ असा आवाज आला, समाधान वाटलं. तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या आत टाकल्या आणि खडकवासल्याला निघाले. पुढचं वर सांगितलंच आहे.

घरी येऊन पिशवी परत लावली आणि नानांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता पिशवीच्या खालच्या कडेला धरून ती बाहेर ओढली, दार उघडतात तशी. पिशवी सहज हातभर बाहेर आली. मग त्यांनी ती तशीच तिरकी धरून वर एक झटका दिला. वरचे हूक सुटले.

“वरून लटकते, सुटते खालून,” नाना म्हणाले. “दूधवाला कॅन वर अडकवतो आणि खाली दोरी मारतो. ती दोरी बघितलीस का कधी?”

खरंच नव्हती पाहिली. पन्नासेक वर्षांत इतके दूधवाले पाहिले, पण नजर कॅनवर. दोरीकडे कोण बघतं!

मग पिशवीचा एकेक अवयव तपासला. दोष एक नव्हता, तीन होते आणि तिघांनी मिळून ते पोतं रस्त्यावर टाकलं होतं.

पहिला दोष वरच्या हूकांत. भाच्याकडून व्हर्निअर आणून सळी मोजली, दहा मिलिमीटर भरली. हूक मात्र सोळा मिलिमीटरच्या जाड सळीलाही बसतील एवढे रुंद. म्हणजे आत सहा मिलिमीटरचा खुळखुळा. प्रत्येक गतिरोधकाला पिशवी सहा मिलिमीटर वर उडणार आणि पुन्हा आदळणार. नानांनी लगेच ट्यूब कापायला घेतली. सळीला रबर गुंडाळलं की जाडी भरून निघते. उपाय चांगला होता आणि वाटेत वेळ आली तर मी आजही तोच करीन. पण तेवढ्यात मला आठवलं, पिशव्यांच्या खोक्यात एक छोटी प्लास्टिकची पुडी होती. काळ्या प्लास्टिकचे सात-आठ तुकडे. मी ते ‘जादा’ समजून नेलपॉलिशच्याच ड्रॉवरमध्ये टाकले होते. काढून पाहिले तर त्यांच्यावर बारीक अक्षरात ८, १०, १२ असे आकडे. हूकात आतून बसवायच्या चकत्या! आपल्या सळीच्या मापाची निवडायची आणि दाबून बसवायची. १० आकड्याच्या चार लावल्या. पिशवी सळीवर ठेवली तर असा घट्ट, कोरडा आवाज आला, की आधीचा ‘टक’ हा आवाजच नव्हता असं वाटलं. माहितीपत्रक मी वाचलं नव्हतं. त्यात पहिल्याच चित्रात ती पुडी आहे.

दुसरा दोष मागेपुढे सरकण्याचा. सळी लांब आणि गुळगुळीत, हूक तिच्यावर आगगाडीसारखे धावत होते. कॅरिअरची आडवी सळी मध्येमध्ये खालच्या पायांना जोडलेली असते, त्या जोडापाशी हूक अडकून राहील असं बघायचं. पिशवीच्या पाठीवरच्या रुळातले स्क्रू सैल केले की हूक हवे तिथे सरकवता येतात. मी मागचा हूक जोडाच्या अगदी लगेच पुढे आणला, म्हणजे पिशवीला मागे जायला जागा नाही. पुढचा हूक दुसऱ्या जोडाच्या मागे, म्हणजे पुढे जायलाही नाही. हूक एकमेकांपासून जितके लांब तितकं चांगलं. जवळजवळ ठेवले की पिशवी डोलते.

हे करताना टाच आडवी आली. हायब्रिड सायकलचा मागचा सांगाडा आखूड असतो. लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या सायकलींचा मुद्दाम लांब ठेवतात, तो याचसाठी. भाच्याला सायकल धरायला लावून मी बसले आणि पेडल उलटं फिरवलं. चपलेत टाच पिशवीला लागली नाही. मी खूश. नाना म्हणाले, “चप्पल घालून जाणार आहेस का गुहागरला?” बूट घातले, लागली. पिशवी तीन सेंटिमीटर मागे घेतली, तरी बुटाची कड पुसटशी लागत होती. आणखी मागे घ्यायचा मोह होतो, पण पिशवीचं वजन मागच्या ॲक्सलच्या फार मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात थरथरतं. मग मधला मार्ग म्हणून पिशवी जरा तिरकी लावली, खालचा पुढचा कोपरा मागे जाईल अशी. हूक वेगवेगळ्या उंचीवर लावता येत असतील तर हे जमतं. माझ्या पिशवीचा खालचा पुढचा कोपरा मुळातच कापलेला होता, त्यामुळे थोडं तिरकं पुरलं.

तिसरा दोष खालच्या आकड्याचा, आणि माझ्या मते खरा गुन्हेगार हाच. तो मी लावलाच नव्हता. म्हणजे तो होता, पण सळीपासून चार बोटं लांब, हवेत. स्क्रू सैल करून तो रुळावर सरकवला, फिरवला आणि कॅरिअरच्या उभ्या सळीच्या मागून तिला कवेत घेईल असा बसवला. इथे क्रम उलटा करून चालत नाही. आधी टाचेचा प्रश्न सोडवायचा, मग वरचे हूक कायम करायचे आणि सगळ्यात शेवटी खालचा आकडा. मी एकदा खालून सुरुवात केली आणि चार वेळा सगळं उघडलं.

डावी पिशवी डावीकडेच लावायची हेही तेव्हाच कळलं. दोघी जुळ्या दिसतात, पण सगळं बसवल्यावर त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा होतात. डावीवर नेलपॉलिशचा एक ठिपका दिला.

वजनासाठी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हूकवाला काटा वापरला. दोन्हीकडे सहा-सहा किलो, पाव किलोचा फरक मी चालवून घेतला. जड वस्तू तळाला आणि पुढच्या बाजूला, म्हणजे हत्यारं आणि चार्जर. आईसाठी चितळ्यांची बाकरवडीही घेतली होती. बाकरवडी जड नसते, पण ती वर ठेवून मला चुरा न्यायचा नव्हता म्हणून कपड्यांच्या घड्यांत खोचली. कॅरिअरच्या वर काही बांधायचं नाही असा नियम केला. हूकवाली लवचिक दोरी लोक सर्रास वापरतात, पण तिचं एक टोक सुटलं की थेट स्पोकमध्ये जातं. पट्टाच लावायचा तर बकलवाला, आणि उरलेलं टोक गुंडाळून खोचलेलं.

मग सोसायटीत रोज रात्री जेवणानंतर फेऱ्या. आमच्या सोसायटीत पाच गतिरोधक आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते कमी वाटले. निघण्याआधीची तपासणी हळूहळू हातात बसली. हँडलला न धरता पिशवी वर उचलायची, सायकल सोबत उचलली गेली पाहिजे. मागेपुढे ढकलायची, ती हलू नये. मग खालून दार उघडल्यासारखी ओढायची. वॉचमन पहिले दोन दिवस विचारत होता, मग त्याने विचारणं सोडलं.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघाले. पहिली कसोटी पिरंगुटचा घाट. पिशव्यांसह चढावर उभं राहून पेडल मारलं की सायकल डावीउजवीकडे झुलवायची सवय असते, ती सोडावी लागते. बारा किलो मागे असताना झुलवलं तर शेपटी कुत्र्याला हलवते. बसून, हलक्या गिअरमध्ये, सावकाश. मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं. तिथे चहाला थांबले तेव्हा साधारण पन्नास किलोमीटर झाले होते, आणि नानांनी बजावल्याप्रमाणे सगळे बोल्ट एकदा पाहिले. नवा जोड पहिल्या टप्प्यातच काय तो सैल होतो. रेघा जागच्या जागी होत्या.

ताम्हिणीच्या उतारावर, विळे गावाकडे येताना, रस्ता मध्येच इतका उखडलेला होता की दातही खडखडले. पिशव्यांचा आवाज नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते, बाळ झोपलंय का बघतात तसं.

तरीही एकदा डावी पिशवी सुटलीच, दुसऱ्या दिवशी, म्हसळ्याच्या पुढे. पडली नाही. वरचा एक हूक निघाला आणि खालच्या आकड्यावर ती लोंबकळत राहिली. थांबून पाहिलं. सकाळी थंडी होती म्हणून जर्किन घातलं होतं, ऊन चढल्यावर ते काढून पिशवीच्या वर, हँडलच्या खालून ओवून खोचलं होतं. जर्किनने हँडल वर उचलून धरलं, आणि हँडल वर म्हणजे जिभा उघड्या! मीच कुलूप उघडून ठेवून निघाले होते. खालचा आकडा नसता तर पुन्हा पोतं रस्त्यावर, आणि या वेळी मागून टेम्पो नाही, एसटी येत होती. जर्किन आत कोंबलं. एसटीच्या कंडक्टरने हात केला, मीही केला.

बागमांडल्याला जेट्टीवर बोटीचा लोखंडी फळा उतरतो तेव्हा तो आणि जेट्टी यांच्यात चांगला वितभर उंचवटा राहतो. मोटारी त्यावरून धाडकन जातात. मी पिशव्या काढून हातात घेतल्या आणि सायकल वेगळी नेली. दोन फेऱ्या झाल्या खऱ्या, पण हूक घट्ट बसलेले असले की काढणं-लावणं मिळून पाच सेकंदांचं काम. सैल असताना हेच अर्ध्या मिनिटाचं होतं, हे विचित्र आहे पण खरं आहे. बोटीवर एका मासेवालीने पिशवी दाबून पाहिली आणि विचारलं, “यात बर्फ ऱ्हाईल काय?” मी म्हटलं पाणी आत जात नाही म्हणजे बाहेरही येणार नाही, राहील. तिने किंमत विचारली आणि मग हसत राहिली.

चौथ्या दिवशी दाभोळची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरले आणि दुपारी दीडच्या सुमारास गुहागरला घराच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत शिरले. दादा आणि वहिनी अंगणात उभेच होते, आई पडवीत. दादाने सायकलभोवती एक फेरी मारली, डावी पिशवी धरून हलवली आणि म्हणाला, “रिकामी नेऊ नकोस हां परत. दहाबारा नारळ बसतील.”

मी खाली वाकून रेघा बघत होते. उजवीकडच्या वरच्या क्लँपची डाळिंबी रेघ केसभर तुटलेली दिसली. पिशवीतून ॲलन पाना काढला.

“ते नंतर कर,” वहिनी म्हणाली. “आधी पाय धू. सोलकढी तयार आहे.”